अथेन्समधील श्रमणाच्या शोधात

पाठशाळेतील मुलांना मी अनेक वर्षे एक गोष्ट सांगत आले. दोन हजार वर्षांपूर्वी भडोचहून एक जैन मुनी समुद्रापार ग्रीस देशात गेले, अथेन्स नगरीत त्यांनी समाधिमरण स्वीकारले आणि तेथील लोकांनी त्यांची समाधी बांधून तीवर त्यांचे नाव कोरले. ही हकिकत मी फार पूर्वी एका स्मरणिकेत वाचली होती. ती ऐकताना मुलांचे डोळे मोठे होत आणि सांगताना माझाही ऊर भरून येई. गेल्या वर्षी मात्र चौथीतील एका मुलीने हात वर केला आणि विचारले, “ताई, मुनी तर पायी विहार करतात ना? मग ते जहाजात कसे बसले?”

तिला मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. काय सांगितले ते आज आठवत नाही. प्रश्न मात्र मनात रुतून बसला.

पुढे योग असा आला, की आमची लेक नोकरीनिमित्त सहा महिने अथेन्सला राहायला गेली आणि मार्च २०२५ च्या पहिल्या आठवड्यात आम्ही उभयता तिच्याकडे गेलो. नातेवाइकांनी विचारले, “तिकडे खाल काय?” मैत्रिणींनी विचारले, “पाहाल काय?” मला मात्र एकच ओढ होती. ती समाधी डोळ्यांनी पाहायची आणि परत येऊन त्या मुलीला उत्तर द्यायचे.

वसंताच्या उंबरठ्यावर

अथेन्स पाहावे ते वसंताच्या आरंभीच. जुलै-ऑगस्टमध्ये तेथील ऊन चाळीस अंशांपर्यंत जाते आणि टेकड्या तव्यासारख्या तापतात. मार्चच्या आरंभी दिवसा सोळा-सतरा अंश, रात्री आठ-नऊ, अशी हवा असते. नाशिककराला आपल्या जानेवारीची आठवण व्हावी असा तो गारवा. ॲक्रोपोलिसच्या उतारांवर आपल्या आंबुशीच्या कुळातील पिवळी फुले गालिच्यासारखी पसरलेली होती. बदामाचा बहर ओसरत आला होता. रस्तोरस्ती पदपथांच्या कडेने कडू संत्र्यांची झाडे, त्यांवर पिकलेली फळे तशीच लटकलेली. ती कोणी तोडून खात नाही. महिनाअखेरीस हीच झाडे फुलली, की सारे शहर त्या फुलांच्या वासाने भरून जाते, असे लेकीच्या घरमालकीणबाईंनी सांगितले.

या फळाला ग्रीक लोक ‘नेरांझी’ म्हणतात. शब्द ओळखीचा वाटला, कारण तो आपलाच ‘नारंग’ आहे. फारसी-अरबी व्यापाऱ्यांच्या तोंडून फिरत फिरत तो भूमध्य समुद्रापर्यंत पोचला. साखरेला ते ‘झाखारी’ म्हणतात, ती आपली शर्करा. मिऱ्याला ‘पिपेरी’ म्हणतात, ती आपली पिप्पली. माल गेला, त्याबरोबर शब्द गेले. मग माणसेही गेली असतील, यात नवल ते काय?

आम्ही पोचलो त्या दिवशी, १ मार्चला, घरमालकीणबाईंनी लेकीच्या मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधला. त्याला ‘मार्तिस’ म्हणतात. वसंतातल्या पहिल्या उन्हाने त्वचा काळवंडू नये, म्हणून मुले हा दोरा महिनाभर बांधून ठेवतात आणि मग झाडाला बांधून टाकतात. मला आपली राखी आठवली. मी तसे म्हणताच त्या हसल्या आणि त्यांनी आणखी एक दोरा काढून माझ्याही हाताला बांधला.

त्यांचा उपवास, आपला आहार

खाण्याची चिंता आम्ही पिशवीभर घेऊन निघालो होतो: खाकरे, मेतकूट, मुगाची डाळ, घरचे मसाले. तेथे गेल्यावर कळले, की आम्ही अगदी योग्य वेळी आलो आहोत. ईस्टरच्या आधीचा दीर्घ उपवासकाळ ३ मार्चला सुरू झाला. त्याच्या पहिल्या दिवसाला ‘कथारा देफ्तेरा’, म्हणजे ‘शुद्ध सोमवार’, म्हणतात. तेथपासून ईस्टरपर्यंत सुमारे सात आठवडे श्रद्धाळू ग्रीक मांस, अंडी, दूध, लोणी, चीज यांतले काही खात नाहीत. कडक दिवशी तेलही वर्ज्य. बेकऱ्यांत आणि खाणावळींत या काळात ‘निस्तीसिमो’, म्हणजे ‘उपवासाचे’, अशा पाट्या लागतात. दूध-तूप-तेलाविना आहार म्हणताच मला आपले आयंबिल आठवले. महिन्याभराने चैत्री ओळी येणारच होती.

त्या शुद्ध सोमवारी सारे अथेन्स टेकड्यांवर लोटते. आम्ही फिलोपापू टेकडीवर गेलो. आकाशात शेकडो पतंग, बहुतेक षट्कोनी, मागे कागदाची लांब शेपटी. येवल्याच्या आसाऱ्या आणि संक्रांतीचे आभाळ डोळ्यांपुढे उभे राहिले. फरक इतकाच, की येथे कोणी कोणाचा पतंग कापत नव्हते. साधी दोरी, काचेचा मांजा नाही. पतंग चढवायचा आणि खाली बसून पाहत राहायचे. संक्रांतीनंतर नाशिकमध्ये मांजाने पंख कापलेले पक्षी ज्यांनी हातांत घेतले आहेत, त्यांना या साध्या दोरीचे मोल वेगळे सांगायला नको.

लोक चटया अंथरून ‘लागाना’ नावाची चपटी, तिळाची रोटी खात होते. सोबत ऑलिव्ह आणि तिळाच्या कुटाचा हलवा. यजमान म्हणाले, “हे तर आपल्यासारखेच लोक आहेत.” तेवढ्यात शेजारच्या चटईवर डबा उघडला गेला. त्यात शिंपले होते.

या उपवासात मासे चालत नाहीत, पण शिंपले, कोळंबी, ऑक्टोपस चालतात, कारण त्यांच्यात रक्त नाही अशी समजूत आहे. आपल्या पाठशाळेतील लहान मूलही शंख-शिंपले द्वींद्रिय जीवांच्या यादीत पहिल्या दमात सांगते. त्यांचा उपवास संयमाचा आहे, सणाआधी देह-मन स्वच्छ करण्याचा आहे. तो सात-सात आठवडे पाळणाऱ्या माणसाला हात जोडावेत असाच आहे. पण तो जीवदयेचा उपवास नव्हे. ईस्टरच्या दिवशी तो सुटतो तो घरोघरी भाजलेल्या कोकरानेच. ‘निस्तीसिमो’ ही पाटी दिसली, की विचारपूस संपली असे समजू नये, हा धडा पहिल्याच दिवशी मिळाला.

पुढे प्रवासाला जाणाऱ्या वाचकांसाठी थोडे अनुभवाचे सांगते. ‘होरिस क्रेमिदी’ म्हणजे कांद्याविना आणि ‘होरिस स्कोर्दो’ म्हणजे लसणाविना. हे दोन शब्द पाठ करावेत. तरीही खाणावळीतले बहुतेक पदार्थ सकाळीच कांदा घालून शिजवलेले असतात, हे लक्षात ठेवावे. नि:शंकपणे मिळते ती ‘होर्ता’, म्हणजे उकडलेली रानभाजी, वर लिंबू आणि ऑलिव्हचे तेल. गोड पदार्थांत मध असतो, म्हणून विचारून घ्यावे. ग्रीक लोक रात्री नऊ-दहाला जेवायला बसतात. आम्हांला चौविहार, आणि मार्चच्या आरंभी सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. त्यामुळे आम्ही दुपारी बाहेर काही खाल्ले तर खाल्ले, आणि संध्याकाळचे जेवण पाचलाच घरी करत असू. लेकीच्या घराजवळ आठवड्याचा बाजार भरे. गोदाघाटावरील बुधवारच्या बाजारासारखीच आरडाओरड, तसाच भाजीचा ढीग: पालक, मटार, वालासारख्या ओल्या शेंगा, लिंबे.

दोन पदार्थ मात्र घरी आणले. एक ‘दोल्मादाकिया’: द्राक्षाच्या पानांत भात, पुदिना आणि लिंबू भरून केलेल्या वळकट्या. मी द्राक्षांच्या गावची, मळ्यांतून वाढलेली, पण वेलीचे पान ताटात प्रथमच पाहिले. दुसरा रव्याचा ‘हाल्वास’. एक वाटी तेल, दोन वाट्या रवा, तीन वाट्या साखर, चार वाट्या पाणी, असे त्याचे प्रमाण तेथील प्रत्येक गृहिणीला तोंडपाठ असते. घरमालकीणबाई रवा भाजत होत्या आणि मी शेजारी उभी राहून पाहत होते. आम्हांला एकमेकींची भाषा येत नव्हती, पण रवा किती तांबूस झाला म्हणजे पाणी घालायचे, यावर आमचे पूर्ण एकमत झाले.

खांद्यावरचे वासरू

चौथ्या दिवशी ॲक्रोपोलिस पाहिले. पार्थेनॉनचे बांधकाम इ. स. पूर्व ४४७ मध्ये सुरू झाले, म्हणजे परंपरेने मानलेल्या भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर ऐंशी वर्षांनी. पायथ्याशी २००९ मध्ये उघडलेले नवे संग्रहालय आहे. तेथे एका मूर्तीपुढे मी खिळून उभी राहिले. संगमरवरी पुरुष, ओठांवर मंद स्मित, खांद्यांवर एक वासरू. वासराचे चारही पाय त्याने छातीशी दोन्ही हातांनी धरलेले. दोघांची मुखे शेजारी शेजारी. मूर्ती सुमारे २,६०० वर्षांपूर्वीची. माझ्या तोंडून सहज निघाले, “किती ही माया!”

लेकीने हळूच सांगितले, “आई, तो ते वासरू देवीला बळी द्यायला नेतो आहे.”

मी बराच वेळ काही बोलले नाही. तीच मूर्ती, तेच स्मित, पण आता पाहवेना.

मात्र याच टेकडीची एक दुसरी कथा पॉसानिअस या प्राचीन प्रवाशाने नोंदवून ठेवली आहे, आणि ती ऐकल्यावर मन थोडे निवले. येथे झ्यूस देवाच्या वेदीवर जव आणि गहू ठेवत. एक बैल येऊन ते धान्य खाई. मग पुजारी कुऱ्हाडीने बैल मारी आणि कुऱ्हाड तेथेच टाकून पळून जाई. त्यानंतर लोक त्या कुऱ्हाडीवर खटला चालवीत. म्हणजे बैल तर मारला जाई, पण मारणारा मी, असे म्हणायला कोणी धजत नसे. शेतात राबणाऱ्या बैलाचा जीव घेणे हे पाप आहे, ही टोचणी त्या समाजाच्या मनात कोठेतरी होतीच.

त्याच अथेन्समध्ये ॲरिस्टॉटलचा शिष्य आणि वारस थिओफ्रास्टस याने पशुबळीविरुद्ध उघड युक्तिवाद केला. दुसऱ्याचा प्राण हिरावून देवाला देणे म्हणजे जे आपले नाही ते दान करणे, आणि पशू हे माणसाचे आप्तच आहेत, असे त्याचे म्हणणे. पुढे पॉर्फिरीने आपल्या मांसत्यागावरील ग्रंथात ते विचार जतन केले. थिओफ्रास्टस जेथे शिकवी त्या ‘लायसिअम’चे अवशेष १९९६ मध्ये शहराच्या मध्यभागी सापडले. आता तेथे भिंतींच्या पायांचे दगड आणि भोवती बाग एवढेच आहे. थोडे प्रवासी तिकडे फिरकतात. वासराच्या मूर्तीपुढे गहिवरून मी फसले होते. या बागेत पाहण्यासारखे फारसे काही नव्हते, पण अहिंसेचे खरे आप्त मला तेथे भेटले.

झार्मानोखेगास कोण होता?

आता मूळ शोधाकडे येते. निघण्यापूर्वी स्मरणिका बाजूला ठेवून मी मुळातले साधन वाचायचे ठरवले होते. लेकीने इंग्रजी भाषांतरे मिळवून दिली आणि अथेन्समधील रात्री मी ती वाचून काढली.

स्ट्रॅबो या भूगोलकाराने आपल्या ग्रंथाच्या पंधराव्या भागात ही हकिकत दिली आहे. ती त्याने दमास्कसच्या निकोलसकडून घेतली. निकोलसला अंतिओक येथे भारतीय राजदूत भेटले. ते पोरोस नावाच्या राजाकडून रोमन सम्राट ऑगस्टसकडे निघाले होते. काळ इ. स. पूर्व २० च्या सुमाराचा. वाटेतच अनेकजण दगावल्यामुळे तिघेच उरले होते. त्यांच्याजवळ चर्मपत्रावर ग्रीक भाषेत लिहिलेले पत्र होते आणि भेटवस्तूंत मोठाले साप, गिधाडाहून मोठा तित्तिर पक्षी आणि तीन हात लांबीचे नदीतले कासव होते. या मंडळींबरोबरच बारिगाझाचा, म्हणजे आपल्या भडोचचा, एक पुरुष होता. त्याने पुढे अथेन्समध्ये स्वतःला अग्नीत झोकून दिले. त्याच्या थडग्यावर लेख होता: बारिगाझाचा भारतीय झार्मानोखेगास, आपल्या देशाच्या परंपरेनुसार स्वतःला अमर करून, येथे विसावला आहे, अशा अर्थाचा. त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी प्लुटार्कनेही नमूद केले आहे, की अथेन्समध्ये ‘भारतीयाचे थडगे’ अजून दाखवले जाते.

‘झार्मानो’ हा ‘श्रमण’ शब्दाचा ग्रीक अपभ्रंश आणि पूर्ण नाव म्हणजे ‘श्रमणाचार्य’, असे काही अभ्यासक मानतात. स्मरणिकेत इथपर्यंतचेच आले होते. ‘श्रमण’ म्हणजे जैन मुनी आणि ‘अमर होणे’ म्हणजे समाधिमरण, असे दोन धागे जोडले की गोष्ट तयार.

पण ग्रीकांनी याहून जास्त लिहून ठेवले आहे. तो चितेवर चढला तेव्हा कटिवस्त्र नेसला होता, अंगाला तेल चोळले होते आणि हसत हसत त्याने उडी घेतली. डिओ कॅसिअस हा इतिहासकार सांगतो, की त्याआधी त्याने एल्युसिस येथील देवींच्या गुप्त विधींची दीक्षा घेतली होती. आणि मरणाचे कारण? स्ट्रॅबोच्या म्हणण्याप्रमाणे त्याचे आयुष्य तोवर मनासारखे गेले होते. पुढे काही अनिष्ट घडण्याआधीच जावे, म्हणून तो गेला.

मी पुस्तक मिटले. जहाज, कटिवस्त्र, अभ्यंग, परदेवतेची दीक्षा, अग्नी. चौथीतल्या मुलीने पहिल्याच खुंटीला हात घातला होता. बाकीच्या खुंट्या मी पाहिल्याच नव्हत्या.

केरामेइकोसमधले कासव

तरीही थडग्याची जागा पाहावी, ही ओढ सुटेना. ते थडगे आज अथेन्समध्ये कोठेही उभे नाही आणि त्याची जागा कोणाला दाखवता येत नाही. म्हणून प्राचीन नगराची जी मुख्य स्मशानभूमी, त्या केरामेइकोसला आम्ही गेलो. एल्युसिसला जाणारा पवित्र मार्ग येथूनच, नगराच्या दरवाजातून, बाहेर पडे. आजही त्या रस्त्याचे नाव ‘इएरा ओदोस’, पवित्र मार्ग, असेच आहे. फक्त आता त्यावरून बसगाड्या धावतात.

सकाळची वेळ होती. गवत गुडघ्यापर्यंत वाढलेले, मधून एरिदानोस नावाचा छोटा ओहोळ वाहत होता. दोन्ही बाजूंना शिलापट: आईचा निरोप घेणारी मुलगी, दागिन्यांची पेटी पाहणारी बाई, घोड्यावरचा तरुण. मी प्रत्येक शिलालेखापुढे थांबत होते. अक्षरे वाचता येत नसूनही उगाचच शोधत होते.

तेवढ्यात गवत हलले आणि एक कासव बाहेर आले. थंडीभर जमिनीखाली निजलेली येथील कासवे वसंताच्या पहिल्या उन्हाला बाहेर पडतात. ते सावकाश पवित्र मार्ग ओलांडून पलीकडच्या गवतात गेले. कासव हे विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतनाथांचे लांछन. आणि भडोच हे मुनिसुव्रतस्वामींचे प्राचीन तीर्थ, जैन परंपरेतील अश्वावबोध तीर्थ. झार्मानोखेगास भडोचचा. त्याच्या मंडळींच्या भेटवस्तूंतही कासव होते. क्षणभर वाटले, हा संकेतच आहे! परत जावे आणि मुलांना गोष्ट पूर्वीसारखीच सांगावी, शिवाय त्यात हे कासवही घालावे.

मग स्वतःचेच हसू आले. थडगे मिळाले नाही तर मी कासवाला साक्षीला बोलावत होते. कासवाला ऊन हवे होते म्हणून ते बाहेर आले होते. आवडीच्या गोष्टीला पुरावे असेच सापडत जातात.

अग्नी आणि संथारा

त्या दगडांमध्ये एका ओट्यावर बसून मी शांतपणे विचार केला. झार्मानोखेगासचे मरण आपले म्हणण्यात काय बिघडते? कोणाचे नुकसान आहे?

नुकसान आपलेच आहे. भगवती सूत्रात बालमरणाचे, म्हणजे अज्ञानाने ओढवून घेतलेल्या मरणाचे, बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांत डोंगरावरून पडणे, पाण्यात शिरणे, विष घेणे यांबरोबर अग्निप्रवेशही आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात पर्वतावरून उडी घेणे आणि अग्नीत पडणे यांची गणना लोकमूढतेत केली आहे. श्वेतांबर आणि दिगंबर दोन्ही परंपरा येथे एकमुखी आहेत. अग्नी हा स्वतःच तेजस्काय जीवांचा समूह. चितेत मरणारा एकटा मरत नाही.

सल्लेखना याच्या नेमकी उलट आहे. देह धर्मसाधनेला असमर्थ झाला, की गुरूंच्या अनुज्ञेने, सर्वांना क्षमा मागून, आहार आणि कषाय क्रमाक्रमाने क्षीण करत जाणे. तिच्या पाच अतिचारांत जगण्याची आशंसा आहे, तशीच मरणाचीही आशंसा आहे. लवकर मरण यावे, ही इच्छाही दोषच. सुख आहे तोवरच निघून जावे, पुढे दुःख नको, हा स्ट्रॅबोने सांगितलेला हेतू घ्या. त्यात भविष्याचे भय आहे आणि सुखाची आसक्तीही. समाधिमरणाचा साधक या दोहोंपासूनच दूर सरत असतो.

हा केवळ शास्त्रार्थ नाही. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा हा आत्महत्येसारखा गुन्हा ठरवला तेव्हा देशभरचा जैन समाज मूक मोर्चे काढून रस्त्यावर आला. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. त्या दिवसांत आपण सर्वांना काय समजावत होतो? संथारा म्हणजे जीव देणे नव्हे. मग त्याच तोंडाने, हसत हसत चितेवर उडी घेणाऱ्या परदेशस्थ पुरुषाला ‘समाधिमरण घेतलेले मुनी’ म्हणून मुलांपुढे उभे करायचे? मी अनेक वर्षे तेच करत आले होते. अभिमानाच्या भरात मी संथाऱ्याची व्याख्याच मुलांना चुकीची शिकवली होती.

झार्मानोखेगासला मी कमी लेखत नाही. घरापासून हजारो कोस दूर, सोबती वाटेत गमावून, परक्या लोकांपुढे आपल्या समजुतीप्रमाणे तो निर्भयपणे गेला आणि त्या परक्यांनी त्याचे नाव आदराने दगडावर कोरले. बौद्ध, आजीवक, जैन आणि आणखी कितीतरी संन्यासी ‘श्रमण’ या एका शब्दात सामावत होते. त्यांतला तो एक. त्याचे मोठेपण त्याचे आहे. ते आपल्या नावावर लिहून घेण्याची गरज नाही. आपण सत्याणुव्रत घेतो ते व्यवहारापुरते नाही. धर्माच्या प्रेमाने बोललेले असत्यही असत्यच असते.

पांडवलेणीत

परत आल्यावर महावीर जयंतीआधीच्या रविवारी पाठशाळेतील मुलांना घेऊन मी पांडवलेणी चढले. चैत्री ओळी चालू होती. दोन मुलींचे आयंबिल होते, तरी त्या सगळ्यांत पुढे होत्या.

दहाव्या लेण्यात मुलांना उषवदाताचा लेख दाखवला. क्षत्रप नहपानाच्या या जावयाने भडोच, दशपूर, सोपारा आणि आपल्या नाशिकजवळचे गोवर्धन येथे प्रवाशांसाठी धर्मशाळा बांधल्याचे त्यात कोरले आहे. म्हणजे भडोच आणि नाशिक ही एकाच राजवटीतील, एकाच दानलेखातील गावे होती. शेजारच्या अकराव्या लेण्यात पुढील काळात कोरलेल्या जिनमूर्तींचे दर्शन घेतले, णमोकार म्हटला. मग सतराव्या लेण्यात गेलो. उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या ‘योनक’ पुरुषाने, म्हणजे एका यवनाने, ते लेणे कोरवून भिक्षूंना दान दिल्याचा लेख तेथे आहे. अथेन्समधला भारतीयाचा लेख काळाने पुसून टाकला. यवनाचा लेख मात्र आपल्या त्रिरश्मी डोंगराने सांभाळून ठेवला आहे. मुलांनी त्या अक्षरांकडे वाकून वाकून पाहिले.

तेथेच ओसरीत सर्वांना बसवले आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. पोरोस राजाचे पत्र, कासव, जहाज, कटिवस्त्र, चिता, थडगे, सारे जसे लिहिले आहे तसे. मग म्हणाले, “मी तुम्हांला इतकी वर्षे हे चुकीचे सांगत होते. न तपासता सांगत होते. मिच्छामि दुक्कडम्.”

मुले थोडी गोंधळली. ताईंनी माफी मागायची असते, हे त्यांना नवीन होते. प्रश्न विचारणारी मुलगी आता पाचवीच्या उंबरठ्यावर होती. तिने विचारले, “मग ते कोण होते?”

“श्रमण होते. कोणत्या परंपरेचे, ते ग्रीकांनी लिहिलेले नाही.”

“मग ही गोष्ट आता सांगायची नाही?”

“सांगायची. जेवढी खरी आहे तेवढी.”

तिने मान डोलावली. माझ्या मनगटावरचा लाल-पांढरा दोरा तिच्या लक्षात आला. मार्च संपून गेला होता, तरी मी तो सोडला नव्हता. तो कोणी बांधला, असे तिने विचारले. पायऱ्या उतरताना मी तिला त्या घरमालकीणबाईंची आणि रव्याच्या हलव्याची हकिकत सांगू लागले. खाली पायथ्याशी एका लहान झाडाच्या फांदीला आम्ही दोघींनी मिळून तो दोरा बांधला.